लाभ धरून की लाभ सोडून

तानाजी डोईफोडे सरांना एक फोल्डर पुसायचा होता. काम एवढंच. बसल्या जागी, कपातला चहा गार व्हायच्या आत उरकेल असं. त्या कामाला पाच महिने लागले, अकरा कढया आमटी खारट झाली, एक ग्रामसभा भरली आणि जिल्ह्याच्या गावी एका सरकारी अधिकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत चष्मा काढून विचार करत बसावं लागलं. यात आपला काही दोष नाही, असं सरांचं मत आहे. ते अजूनही बदललेलं नाही.

फोल्डर 'पंगत'मधला होता. 'पंगत' हा प्रोग्राम सौंदणवाडीच्या आश्रुबा गुरुजींनी पंधरा वर्षांपूर्वी लिहिला. किती माणूस जेवायला येणार ते त्याला सांगायचं. मग कढया किती चढवायच्या आणि दर कढईला डाळ किती पायली, मिरचीपूड किती शेर, मीठ किती शेर, हे तो कागदावर छापून द्यायचा. गावचा सप्ताह आणि हनुमान जयंती, ही दोन्ही जेवणं पंधरा वर्षं त्या कागदावर पार पडली. गुरुजी तीन वर्षांपूर्वी वारले, तेव्हा त्यांच्या तेराव्याचं गणितही त्यांच्याच प्रोग्रामनं केलं, आणि मागं काही उरलं नाही की कुणाला कमी पडलं नाही. असं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

सर मूळचे सौंदणवाडीचे, पण नोकरीनं पाटोद्याचे. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते संगणक शिकवत. गुरुजींचं काम जगापुढं न्यावं असं त्यांच्या मनानं घेतलं. जगभरातले लोक मिळून चालवतात असं मोफत प्रोग्रामांचं एक भांडार असतं. प्रोग्राम नीट बांधून तिथं द्यायचा. त्याला पॅकेज म्हणतात. कुणीतरी ते तपासतं, आणि पास झालं की सांभाळणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लागतं. त्या यादीत चौदाशे नावं होती आणि बीड जिल्ह्यातलं एकही नव्हतं. सरांनी दोनदा शोधून पाहिलं होतं. मुदत पंधरा एप्रिलची. नंतर दोन वर्षं दार बंद. घाई करण्याचं खरं कारण मात्र हे, की महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात प्राचार्यांनी 'आमच्या डोईफोडे सरांचे सॉफ्टवेअर जागतिक भांडारात समाविष्ट झाले' असं छापून टाकलं होतं. प्राचार्य आशावादी होते. अहवालाच्या प्रती वाटूनही झाल्या होत्या.

पॅकेज तपासायला आलं ते इंग्रिडबाईंकडं. या कुठल्याशा थंड देशात राहत. सौजन्य एवढं, की नकार वाचून झाल्यावरही माणसाला आभार मानावेसे वाटत. त्यांनी लिहिलं : आपलं काम फार सुंदर आहे, मात्र आपण मापांच्या लायब्ररीची स्वतःची प्रत सोबत आणली आहे. भांडारात ती लायब्ररी सर्वांसाठी आहेच. कृपया आपली प्रत काढावी आणि भांडारातली वापरावी.

सरांनी हे रोहिणीताईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, समजावून सांगितलं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं करून ठेवलेलं तयार काम. ते प्रत्येकानं आपापल्या पिशवीत घालून आणलं, तर त्यात बिघाड निघाल्यावर शंभर पिशव्या उघडाव्या लागतात. एकच सामाईक असलं की एकदा दुरुस्त केलं, काम झालं.

"म्हणजे गावकीची भांडी असताना गुरुजींनी घरची भांडी नेली," रोहिणीताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

"कावून नेली असतील?"

"जुन्या माणसांची सवय," सर म्हणाले, आणि विषय संपला. या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी शोधलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मग सांगण्यासारखंही काही राहिलं नसतं.

शेजारचे माऊली जगताप निवृत्त मंडळ अधिकारी होते. कोणतीही फाईल कशी हलते आणि ती हलू नये म्हणून काय करतात, या दोन्ही गोष्टी त्यांना येत होत्या. कुंपणावरून ते म्हणाले, "सर, काढू नका. नुसतं बाजूला सरकवा. बाईनं विचारलं तर काढलंय म्हणायचं. उद्या परत मागितलं तर हाय म्हणायचं. तीस वर्षं नोकरी केली, कागद म्हणून फाडला न्हाई."

"तिथं तसं चालत नाही, माऊली. सगळं उघड असतं."

"उघड?" माऊलींना हे पटायला वेळ लागला. "मंग काम कसं चालतं त्यांचं?"

सरांनी फोल्डर पुसला. प्रोग्राम सुरूच होईना. तो फोल्डर कुठं गेला म्हणून विचारत राहिला. त्याला भांडारातल्या लायब्ररीचा रस्ता दाखवण्यात एक आठवडा गेला. मग तो सुरू झाला, पण मराठी आकडे चौकोन होऊन येऊ लागले. त्यात दिवाळी गेली. शेवटी एका रविवारी कागद छापून आला. सरांनी जुना कागद शेजारी ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं, की नव्या कागदावरचा मापाचा प्रत्येक आकडा जुन्यापेक्षा एकानं जास्त आहे. जुन्यात डाळ तीन पायली, नव्यात चार. जुन्यात मीठ एक शेर, नव्यात दोन.

सरांनी कॅल्क्युलेटर घेतला. हातानं मांडलं. नवा कागद बरोबर होता.

म्हणजे गुरुजी पंधरा वर्षं चुकत होते! सर खुर्चीत मागं टेकले. आपल्याला ज्यांनी अंकगणित शिकवलं त्यांची चूक आपल्या हातून सापडावी, यात जे दुःख असतं त्याला एक प्रकारची गोडी असते. सरांनी ते दुःख चवीनं अनुभवलं. पॅकेजसोबतच्या टिपणात त्यांनी लिहिलं, 'मूळ लेखकाची एक जुनी चूक या निमित्तानं दूर केली आहे.' पुढं गुरुजींबद्दल दोन आदराची वाक्यंही घातली.

इंग्रिडबाईंनी अभिनंदन केलं आणि विचारलं : प्रत्यक्ष वापरात पाहिलं का?

सौंदणवाडीचा सप्ताह दत्तजयंतीला संपतो. अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्यावर गेलेलं असतं, पण काल्याच्या जेवणाला आजूबाजूच्या वाड्यांतून दोन हजार माणूस येतं. भाकरी घरोघरची, आमटी मंदिराची. सरांनी मंदिराच्या खोलीतल्या संगणकावर नवं पॅकेज घातलं, कागद छापला आणि कोठीवर बसलेल्या सुंदरबाईंच्या हातात दिला. सुंदरबाई सरांच्या चुलती. कोठीची किल्ली चाळीस वर्षं त्यांच्या कनवटीला होती आणि माप दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "औंदा वाढवलंय का रं, तान्या?"

"वाढवलं नाही, काकू. बरोबर केलंय."

"बरं," काकू म्हणाल्या. शिकलेल्या माणसाला त्या उलट बोलत नसत.

काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसल्या, आमटी वाढली गेली. पहिला घास घेतल्यावर सौंदणवाडीत जी शांतता पसरली ती कीर्तनातही पसरली नव्हती. प्रसादाला नावं ठेवायची नसतात. त्यामुळं दोन हजार माणसं आमटीला काही न बोलता पाणी पीत राहिली. तीन वाजेपर्यंत मंदिराची टाकी संपली. चार वाजता सरपंच विजयसिंहांनी स्वतःच्या शेतातला टँकर आणवला. तोही दिवेलागणीपर्यंत टिकला नाही. "आमटी ब्येस झालती," सटवा नावाचे एक वयस्कर गृहस्थ जाताना सरांना म्हणाले, "नुसती समिंदरावरनं आणल्यासारखी लागली." दुसऱ्या एकानं, मिरची चांगली उतरलीय, असं डोळे पुसत सांगितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर सरांना बरं वाटलं असतं.

आचाऱ्यावर संशय घेऊन सरांनी त्याची उलटतपासणी केली. कोठीतून आलं ते मी कढईत टाकलं, एवढंच तो सांगे. मग सर कोठीत गेले. काकू उरलेली डाळ मोजून पोत्यात भरत होत्या. पायली बुडवायची, शिगेनं भरायची, पोत्यात रिकामी करायची.

"लाभ," पहिली टाकताना काकू म्हणाल्या. मग दुसरी. "एक." मग तिसरी. "दोन."

सर उभे होते ते पोत्यावर बसले.

"काकू, ही तिसरी झाली."

"दोन झाल्या. लाभ कुटं मोजतेत का?"

"का नाही मोजत?"

"आता काय सांगावं ह्याला!" काकूंनी पायली खाली ठेवली. "त्यो देवाचा असतोय. देवाचं मोजायला तू काय तलाठी हाईस? आश्रुबा गुरुजींला समदं ठावं व्हतं. हितं बसून बगितलं त्यांनी, मंग कागद बदलला."

म्हणजे गुरुजी पंधरा वर्षं बरोबर होते. चार पायली लागणार असतील तर ते कागदावर तीन छापत, काकू लाभ धरून चार घालत. त्यासाठी त्यांनी लायब्ररीची आपली प्रत घेतली, तिच्यात एक ओळ घातली आणि ती का घातली हे कुठं लिहून ठेवलं नाही, कारण जे सगळ्या गावाला माहीत आहे ते लिहायचं कशाला? नव्या लायब्ररीनं चार छापलं, काकूंनी पाच घातल्या. चाराचे पाच झाले तर डाळ कुणाला कळत नाही. पण मीठ दोनाचं तीन झालं.

सरांनी घरी येऊन आधी ते टिपण खोडलं. मग इंग्रिडबाईंना सगळं कळवलं आणि गुरुजींची प्रत परत ठेवू द्यावी अशी विनंती केली. उत्तर लगेच आलं. आपल्या गावाबद्दल वाचून फार आनंद झाला, मंडळींना आता बरं वाटत असेल अशी आशा आहे. मात्र वेगळी प्रत ठेवता येणार नाही. ही सोय मूळ लायब्ररीतच करून घ्यावी. ती सांभाळणारी मंडळी वेगळी आहेत, त्यांच्याकडं अर्ज करावा.

"आलं का नव्या टेबलावर?" माऊली आनंदानं म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना आपल्या ओळखीचं काही ऐकू आलं होतं.

लायब्ररीवाले सभ्य निघाले. त्यांनी लिहिलं, की मोजणी शून्यापासून सुरू करणं ही आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीच खोड आहे असं आम्ही समजत होतो. डाळही तशी मोजतात हे वाचून आम्हाला एकटं वाटेनासं झालं. सोय करता येईल. 'लाभ धरून' आणि 'लाभ सोडून' असे दोन पर्याय ठेवू. मात्र अशी रीत खरोखर आहे याचा काही लेखी आधार हवा.

लेखी आधार म्हटल्यावर सर एसटीनं बीडला गेले आणि वजनमापांच्या कार्यालयात एका अधिकाऱ्यासमोर बसले. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"पायली म्हणालात?"

"हो."

"पायली हे मापच कायद्यात नाही. किलो आहे. पायली वापरत असाल तर खरं म्हणजे मला जप्त करावी लागेल."

"मला लाभाचा दाखला हवाय, साहेब. पायलीचा नको."

"जी पायली नाही तिच्यात लाभ कसा असेल? आणि नसलेला लाभ मोजत नाहीत असा दाखला मी देऊ?" अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जेवणाचा डबा उघडायचा ठेवून खिडकीबाहेर पाहिलं. "तसं पाहिलं तर," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरीही मोजत नाहीत. पण ते कार्यालयीन वेळेनंतर."

सर रिकाम्या हातानं परतले. घरी न जाता चौसाळ्यामार्गे सरळ सौंदणवाडीला गेले आणि विजयसिंहांना भेटले. विजयसिंहांना काही सांगावं लागलं नाही. "सर, ग्रामसभेचा ठराव घ्या की! गोल शिक्का मारून देतो. आपल्या माणसाचं नाव जगात लागायलंय आन् गाव बसून राहील व्हय?"

मार्चमध्ये ग्रामसभा भरली. विषय पत्रिकेत कुठं बसवावा यावर ग्रामसेवकांनी थोडा विचार केला आणि तो 'इतर'मध्ये घातला. सर्वांना वाटलं होतं, दोन मिनिटांत होईल.

"लाभ मोजत न्हाईत, एवढंच लिवायचं," विजयसिंह म्हणाले. "मंजूर?"

"थांबा," सटवा उठले. "घेताना न्हाई मोजत. देताना मोजतो."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? मी कुणाला दाणं दिलं, तर लाभ धरून. मी कुणाकडनं घेतलं, तर लाभ वर."

"आरं, मंग समोरचा काय म्हणतो?"

"समोरच्याचं समोरच्यानं बगावं."

इथून पुढं दीड तास कुणाचं काही नीट ऐकू आलं नाही. एका भावकीनं दुसऱ्या भावकीला वीस वर्षांपूर्वीच्या बाजरीची आठवण करून दिली. सर मध्ये उभे राहून दोन्ही हात वर करत होते आणि यादीतलं आपलं नाव डोळ्यांपुढं पुसट होताना पाहत होते. शेवटी दाराशी बसलेल्या सुंदरबाई उठल्या. त्या उठल्या की माणसं गप्प होत, कारण जेवायला सगळ्यांना त्यांच्याच कोठीवर यावं लागे.

"अन्नदानाला लाभ मोजत न्हाईत. एवढं लिवा, शिक्का मारा आन् पोराला गाडी गाठू द्या. तुमची बाजरी तुमी मागनं वाटून घ्या."

ठराव झाला. शिक्का बसला. सरांनी शेवटची गाडी धावत गाठली. ती गाठावी लागल्यामुळं ग्रामसभेत पुढं काय झालं ते त्यांना कळलं नाही.

ठरावाचं इंग्रजी करून सरांनी मूळ कागदासह पाठवलं. गोल शिक्का पाहून लायब्ररीवाले फार खूश झाले. असा सुंदर पुरावा आमच्याकडं आजवर कुणी दिला नव्हता, असं त्यांनी कळवलं. सोय झाली. भांडारात नवी लायब्ररी आली, सरांनी 'लाभ सोडून' हा पर्याय लावून पॅकेज पुन्हा बांधलं आणि इंग्रिडबाईंकडं पाठवलं. आकडे आता गुरुजींच्या जुन्या कागदासारखेच आले. मीठ एक शेर. सरांनी पाच वेळा छापून पाहिलं.

मुदतीला तीन दिवस उरले होते. हनुमान जयंतीच्या सकाळी सर सौंदणवाडीला जायला कपडे करत होते, तेवढ्यात फोनवर पत्र आलं. पॅकेज पास झालं होतं. यादीत चौदाशे एकावं नाव लागलं होतं : तानाजी डोईफोडे, पाटोदा. सरांनी ते रोहिणीताईंना दाखवलं. माऊलींना कुंपणावरून दाखवलं. "आता ह्येची नक्कल काढून ठेवा," माऊली म्हणाले.

कारखान्यावरून माणसं परतली होती आणि सौंदणवाडी भरून वाहत होती. पहिल्या पंगतीला चारशे पानं पडली. विजयसिंहांनी सरांना हाताला धरून मधोमध बसवलं, शेजारी स्वतः बसले. कागद आदल्या संध्याकाळीच सरांनी पाठवला होता. फोन खिशात होता. दोन घास झाले, की यादी सरपंचांना दाखवायची आणि मग ती आपोआप पंगतभर फिरेल, असं सरांनी ठरवलं होतं.

आमटी आली. सरांनी भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला, आणि तो तोंडातच राहिला.

आमटीला मीठ नव्हतं. म्हणजे होतं, पण नावापुरतं. मिरचीही कुठं दूरवर असावी. डाळ मात्र उत्तम शिजली होती.

सरांनी डावी-उजवीकडं पाहिलं. चारशे माणसं खाली मान घालून शिस्तीत जेवत होती. कुणी पाणी मागत नव्हतं, कुणी काही बोलत नव्हतं.

"कशी झालीय, सर?" विजयसिंहांनी समोर पाहत विचारलं.

"छान," सर म्हणाले.

"आमाला बी छानच लागायलीय."

तेवढ्यात सुंदरबाई कोठीतून स्वतः बाहेर आल्या. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "तान्या, जमलं का रं आकड्याला आकडा? औंदा एक ठिपूस वाढू दिला न्हाई बग."

"काकू, मोजलं कसं?"

"कागदावर हाय तसं! तू त्या दिशी गाडीला पळालास, आन् मागनं आमी दुसरा ठराव क्येला. म्हणलं, मागल्या खेपेला आपल्या लाभापायी पोराची फजिती झाली, आता त्याच्या कागदाची माणसं परमुलखातनं बगणार. हितनं पुढं लाभ मोजायचा. चाळीस वर्साची सवय मोडली म्या तुज्यासाठी. लाभ म्हंजी एक. एक म्हणल्यालं, एकच घातलं."

सरांच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. यंत्रानं गावासाठी एक कमी केलं होतं. गावानं यंत्रासाठी एक कमी केलं होतं. दोन शेरातला एक शेर उरला होता, आणि तो अकरा नाही, चौदा कढयांत प्रत्येकी असाच पडला होता. खिशातला फोन खिशातच राहिला.

काकू अजून उभ्या होत्या. त्यांना उत्तर हवं होतं.

"एकदम बरोबर मोजलंत, काकू," सर म्हणाले. "फक्त मला जरा मीठ आणा. माझ्या जिभेला आता जास्तीचीच सवय लागलीय."

काकूंनी परातीत मीठ आणलं आणि मूठ भरली. "किती घालू?"

सरांनी आकडा सांगितला नाही. पान पुढं केलं, मीठ पडू दिलं आणि पुरेसं वाटल्यावर हात आडवा धरला.

त्याबरोबर विजयसिंहांचं पान पुढं आलं. त्यांच्या पलीकडून सटवांचं आलं. मग दोन्ही बाजूंनी, दरवाज्यापर्यंत, चारशे माणसांनी सुटकेचा श्वास सोडून हात पुढं केले. इतका वेळ ती सगळी सरांनी आधी मागावं म्हणून थांबली होती.